नुकसान कुठल्या रकान्यात लिहायचं?

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव, महिला व बाल विकास विभाग, महाराष्ट्र शासन
तसेच पुणे शहरातून विधानसभेवर निवडून गेलेले सर्व आमदार

सप्रेम नमस्कार.

मी बिबवेवाडीत राहते. एका शाळेत लिपिक आहे. गेली १४ वर्षं शाळेचं जनरल रजिस्टर माझ्या ताब्यात आहे. वर्षातून तीन-चार वेळा तरी पोलीस येतात आणि एखाद्या मुलाच्या जन्मतारखेचा उतारा मागतात. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे वय ठरवताना शाळेतली जन्मतारीख किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात. तो उतारा मीच लिहिते, मुख्याध्यापकांची सही घेते, शिक्का मारते. मुलानं काय केलं ते मी विचारत नाही. विचारायचं धाडसही होत नाही, कारण त्यांतल्या काहींना मी पाचवीत पाहिलेलं असतं. फी माफीचा अर्ज हातात धरून खिडकीपाशी उभे असतात, नाक खिडकीच्या कडेला जेमतेम पोचतं.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं वाचून कुणाला वाटू नये की मला ही मुलं तुरुंगात सडलेली बघायची आहेत.

गेल्या वर्षी श्रावणात असाच एक उतारा दुसऱ्या कुठल्या तरी शाळेतून पोलिसांकडे गेला. ज्या मुलाचा गेला, त्यानं माझ्या भावाच्या हातावर कोयता मारला होता.

माझा धाकटा भाऊ रिक्षा चालवतो. त्या रात्री घरात पाहुणे होते, झोपायला जागा नव्हती, म्हणून शेवटचं भाडं सोडून आल्यावर तो गल्लीच्या तोंडाशी रिक्षा लावून मागच्या सीटवर आडवा झाला. दोनच्या सुमाराला एका दुचाकीवरून तिघं आले आणि रांगेनं लावलेल्या गाड्यांवर कोयते मारत निघाले. पुणेकरांना हे समजावून सांगायला नको. 'मध्यरात्री वाहनांची तोडफोड' ही बातमी आपण आता चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. गाड्या कुणाच्या, ते त्या बातमीत कधीच नसतं. रिक्षा, भाजीचे टेम्पो, डिलिव्हरीवाल्या पोरांच्या हप्त्यावर घेतलेल्या दुचाकी. ज्यांना पार्किंग असलेली सोसायटी परवडत नाही, त्यांच्याच गाड्या रस्त्यावर असतात.

काच फुटली तसा भाऊ उठून बसला आणि त्यानं डावा हात वर केला. मधल्या दोन बोटांच्या शिरा तुटल्या.

रिक्षाचा क्लच डाव्या हातात असतो. गिअरही तिथंच. क्लच दाबून मूठ फिरवली की गिअर पडतो. शहरात एका खेपेला ही मूठ किती वेळा फिरवावी लागते, हे आम्ही कधी मोजलं नव्हतं. आता माझा भाऊ ते मोजतो. शस्त्रक्रिया झाली, प्लास्टर निघालं, मग व्यायाम सुरू झाले. आई त्याच्यासमोर दोन वाट्या ठेवते. एकीत हरभरे, दुसरी रिकामी. डाव्या हाताच्या अंगठ्यानं आणि मधल्या बोटानं एकेक हरभरा उचलून पलीकडे टाकायचा. पहिल्या आठवड्यात त्याला पाचसुद्धा जमले नाहीत. बोट वाकायच्या आधी त्याचा ओठ वाकायचा. आई चुलीकडे तोंड करून उभी राहायची, बघायची नाही.

समोरची काच, हुड, मीटर आणि सीट मिळून २३,००० रुपयांचं काम निघालं. विमा होता, पण थर्ड पार्टीचा. त्यात आपल्या गाडीची मोडतोड येत नाही, आणि बहुतेक रिक्षावाल्यांकडे तेवढाच असतो. पाच महिने रिक्षा दुसऱ्याला शिफ्टवर दिली. पतसंस्थेचा हप्ता माझ्या पगारातून गेला.

आता मुख्य मुद्दा. तिघांतला दुचाकी चालवणारा १९ वर्षांचा होता. मागचे दोघं १६ आणि १७ चे. बाल न्याय कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सज्ञान आणि अल्पवयीन आरोपींची सुनावणी एकत्र होत नाही. त्यामुळे एकाच रात्रीच्या, एकाच फिर्यादीच्या दोन वाटा झाल्या. १९ वर्षांच्याचं प्रकरण नेहमीच्या न्यायालयात, बाकी दोघांचं बाल न्याय मंडळापुढे. हे योग्यच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या दोन वाटांवर माझ्या भावाचं काय होतं, ते बघा.

नेहमीच्या न्यायालयात तो पीडित आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे फौजदारी प्रकरणं कशी चालवायची याच्या कायद्यात, तशी व्याख्या आहे. तपास कुठवर आला हे पोलिसांनी त्याला ९० दिवसांत कळवायचं आहे. सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील द्यायची परवानगी तो मागू शकतो. आरोप सिद्ध झाले तर कलम ३९५ खाली न्यायालय आरोपीला भरपाई द्यायला लावू शकतं. अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की भरपाई द्यायची की नाही याचा विचार न्यायालयानं केलाच पाहिजे आणि त्याची कारणं नोंदवली पाहिजेत.

मंडळापुढे तो फक्त साक्षीदार आहे. बोलावलं तर जायचं, सांगायचं, घरी यायचं. आणि कोयता तर १७ वर्षांच्याच्या हातात होता. दुचाकी चालवणाऱ्याच्या खटल्यात माझ्या भावाला भरपाई मागता येते. ज्यानं बोटं कापली त्याच्या प्रकरणात भरपाई हा शब्दच नाही.

मी अतिशयोक्ती करत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १८ वाचा. मुलानं गुन्हा केल्याचं दिसून आलं तर मंडळ काय काय करू शकतं, ते तिथं दिलं आहे. समज देऊन घरी पाठवणं, समुपदेशन, समाजसेवा, मुलानं किंवा पालकांनी भरायचा दंड, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडणं, आणि जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृह. दंड सरकारजमा होतो. ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातला रुपया देण्याबद्दल या कलमात चकार शब्द नाही. याउलट मोठ्या माणसांसाठी असलेल्या १९५८ च्या परिविक्षा कायद्याचं कलम ५ स्पष्ट सांगतं, की गुन्हेगाराला चांगल्या वागणुकीच्या अटीवर सोडताना न्यायालय त्याला नुकसानभरपाई द्यायला लावू शकतं. सुधारण्याची संधी आणि भरपाई या दोन गोष्टी एकत्र नांदतात, हे आपल्या संसदेनं ६० हून जास्त वर्षांपूर्वीच मान्य केलं होतं. मुलांचा कायदा लिहिताना त्यातलं अर्धंच उचललं.

त्याहून जास्त लागलेली एक गोष्ट. आपल्या बाल न्याय कायद्याच्या उद्देशिकेत बीजिंग नियमांचा, म्हणजे अल्पवयीनांच्या गुन्ह्यांत न्याय कसा करावा याच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा, उल्लेख आहे. संयुक्त राष्ट्रांनी हे नियम २९ नोव्हेंबर १९८५ रोजी मंजूर केले. मंडळानं कोणते पर्याय वापरावेत, याच्या त्यातल्या यादीत नुकसानभरपाई आणि नुकसान भरून देणं हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. आणि त्याच दिवशी, लगेच पुढच्याच क्रमांकाच्या ठरावानं, संयुक्त राष्ट्रांनी गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या न्यायाचा जाहीरनामाही मंजूर केला. एकाच दिवशी दोन्ही कागद. आपण पहिला उचलला आणि दुसरा टेबलावर राहू दिला.

पहिले आठ महिने आम्हाला काहीच कळलं नाही. मुलं निरीक्षणगृहात आहेत की घरी, पुढची तारीख कधी, प्रकरण चालू आहे की मिटलं, काहीच नाही. ज्या टेबलाशी गेले, तिथला माणूस सभ्य होता. तो म्हणाला, "ताई, मुलांची प्रकरणं गोपनीय असतात, मला सांगता येत नाही." त्याला दोष देत नाही. त्याच्या रजिस्टरात आमच्यासाठी रकानाच नव्हता, आणि रकाना नसला की लिपिक काय करतो हे मला चांगलं ठाऊक आहे. बाल न्याय कायद्याच्या कलम ९९ चं दुसरं पोटकलम मी नंतर शोधून वाचलं. मुलाबद्दलचे अहवाल गोपनीय, हे पहिल्यात आहे. आणि पीडिताला त्याच्या प्रकरणातली नोंद, आदेश व संबंधित कागद नाकारता येणार नाहीत, हे दुसऱ्यात. म्हणजे हक्क कायद्यात आहे. पण तो मागावा लागतो, आणि तो आहे हे कुणी सांगत नाही. शिवाय कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर मुलाच्या नोंदी नष्ट होतात. ते मला मान्य आहे, मुलाला नवी सुरुवात मिळालीच पाहिजे. पण तोवर कागद मागायचं आम्हाला सुचलंच नाही, तर आमच्या बाजूचाही पुरावा त्याच्याबरोबर गेला.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज करता येतो, हे आम्हाला कुणी सांगितलं असेल? व्यायामाच्या खोलीबाहेरच्या बाकावर शेजारी बसलेल्या एका आजोबांनी. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा किंवा दंडाधिकाऱ्याचा दाखला असेल तर तातडीचे उपचार मोफत द्यायचा आदेश प्राधिकरण देऊ शकतं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. तोवर उपचार होऊन, आईच्या पाटल्या मोडून झाल्या होत्या. अर्ज केला आहे, निर्णय यायचा आहे. फुटलेल्या काचेला त्या योजनेत जागा नाही. ती मृत्यू, अवयव आणि अपंगत्वाच्या हिशेबानं चालते.

कल्याणीनगरचं नाव न घेता पुण्यातून असं पत्र लिहिता येणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे तिथं एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीखाली मध्य प्रदेशातून इथं नोकरीला आलेले दोन तरुण अभियंते गेले. ३०० शब्दांचा निबंध सगळ्या देशाला पाठ झाला. लोक चिडले, मीही चिडले. पण तेव्हाही एक गोष्ट मला खटकत राहिली. जामिनाच्या ज्या अटी आपल्याला बातम्यांतून कळल्या, त्या सगळ्या मुलाबद्दलच्या होत्या. निबंध, वाहतूक पोलिसांबरोबर १५ दिवस काम, समुपदेशन. ज्यांची तरणीताठी मुलं गेली त्या आईवडिलांसाठी त्यांत एकही ओळ नव्हती. त्यानंतर वर्षभर सगळं शहर एकाच प्रश्नावर भांडलं, की मुलाला सज्ञान समजून खटला चालवायचा की नाही. १५ जुलै २०२५ ला मंडळानं ती मागणी फेटाळली तेव्हा पुन्हा तेच भांडण झालं. सज्ञान समजलं तर न्याय, नाही तर नाही, असं एक समीकरणच आपल्या डोक्यात बसलं आहे. मंडळाच्या वाटेवर पीडिताला काही मिळतच नसेल, तर त्याचे नातेवाईक दुसऱ्या वाटेसाठी जीव तोडून भांडणारच. हेच मला तुमच्या कानावर घालायचं आहे. मुलांना मोठ्यांच्या न्यायालयात ओढायचा आग्रह कमी व्हावा असं तुमच्या विभागाला मनापासून वाटत असेल, तर मंडळाच्या खोलीत आमच्यासाठी एक खुर्ची ठेवा.

अपघातापुरता तरी कायद्यानं थोडा विचार केला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी देणाऱ्या पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे भरपाईही मागता येते. कोयत्याला मात्र विमा नसतो.

आमच्या दारात घडलेला एक प्रसंग सांगते. दिवाळीच्या आधी एक बाई आली. त्या १७ वर्षांच्या मुलाची आई. दोन सोसायट्यांमध्ये धुण्याभांड्याची कामं करते. चप्पल बाहेर काढून उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली आणि पदराची गाठ सोडून पाचशेच्या चार नोटा पुढे केल्या. म्हणाली, "ताई, दर महिन्याला देईन. माझ्या पोरानं तुमच्या भावाचा हात घेतला." आई रडायला लागली. माझा हात पुढे गेला होता. तेवढ्यात शेजारचे दादा धावत आले, "घेऊ नका, उद्या म्हणतील पैसे घेऊन मिटवलं, केस ढिली पडेल." आम्ही पैसे परत केले. ती बाई नोटा पुन्हा गाठीत बांधायला लागली, पण हात थरथरत होता, गाठ बसेना. शेवटी मुठीतच धरून गेली.

दादांचं चुकलं असं मी म्हणत नाही. आम्ही घाबरलो होतो. पण ती बाई जे करायला आली होती ते कुठं करायचं, याची जागाच आपल्या व्यवस्थेत नाही. दारात दिले तर सौदा, मंडळात दिले तर दंड आणि तो सरकारचा. तो मुलगा घरी बसून आईला रोज कामावर जाताना बघतो. आपण काय मोडलं हे त्याला कोण दाखवणार? समुपदेशनात राग आवरायला शिकवत असतील, शिकवायलाच हवं. पण माझ्या भावाच्या दोन वाट्या आणि हरभरे त्यानं एकदा बघितले असते, तर मला वाटतं, त्याच्यात काही हललं असतं. मी शाळेत काम करते. खिडकीची काच फोडणाऱ्या मुलाला आम्ही कोपऱ्यात उभं करत नाही. सुताराबरोबर नवी काच बसवायला लावतो. तो ती खिडकी पुन्हा फोडत नाही, आणि दुसऱ्यालाही फोडू देत नाही.

न्यूझीलंडनं हे १९८९ साली कायद्यातच आणलं. मूल, त्याचं कुटुंब आणि पीडित एकत्र बसतात आणि नुकसान कसं भरून द्यायचं ते ठरवतात. यायचं की नाही हे पीडितानं ठरवायचं. आपल्याकडे हे करताना फार सांभाळून करावं लागेल, कारण समेट या नावाखाली गरिबाला गप्प बसवायची आपल्याला जुनी सवय आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात तर अशा बैठकीचा विषयही कुणी पीडितेपुढे काढता कामा नये. तिच्यासाठी मनोधैर्य योजना आहे, तिचे पैसे वेळेत मिळणं हेच तिथं महत्त्वाचं.

तुमच्या हातात काय आहे तेही बघितलं. राज्याला या कायद्याखाली नियम करायचा अधिकार आहे, तेव्हा सगळ्यासाठी दिल्लीकडे बघायला नको. फिर्याद मंडळाकडे गेली की आठ दिवसांत पीडिताला मराठीत एक पानाचं पत्र जावं. त्यात प्रकरणाचा क्रमांक, पुढची तारीख, कागद मागायचा हक्क आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता. मुलाचं नाव त्यात नको, आम्हाला ते नको आहे. परिविक्षा अधिकारी मुलाचं घर, शाळा, संगत यांचा सामाजिक तपास अहवाल करतात, तो आवश्यकच आहे. त्याच अधिकाऱ्यांनी एकदा आमच्याही घरी यावं. काय मोडलं, किती खर्च झाला, कोण किती दिवस घरी बसलं, एवढं एका पानात लिहावं आणि अंतिम आदेशाआधी ते मंडळापुढे असावं. शिक्षा किती द्या हे आम्ही सांगणार नाही. पण आमच्यावर काय गुदरलं हे आमच्या तोंडून ऐकलं जावं. गुन्हा घडल्यानंतरच्या प्रत्येक टप्प्यावर पीडिताला ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालय २०२२ मध्ये लखीमपूर खीरीच्या प्रकरणात म्हणालं. मुलांच्या प्रकरणांत तो हक्क कसा द्यायचा ते नियमांत लिहा.

भरपाईचा आदेश कलम १८ मध्ये यायला कायद्यात दुरुस्ती लागेल. आमदारांना मी त्यासाठीच हे पत्र पाठवते आहे, विधिमंडळात हा विषय काढा, केंद्राकडे ठराव पाठवा. रक्कम घराच्या ऐपतीप्रमाणे आणि हप्त्यांनी असावी. धुणंभांडी करणाऱ्या बाईवर २३,००० रुपये एकदम लादले तर तिचा धाकटा मुलगाही शाळा सोडून कामाला लागेल, आणि दोन वर्षांनी त्याच्या वयाचा उतारा मी लिहीत बसेन. म्हणून सरकारनं आधी पीडिताला द्यावे आणि मग त्या घराकडून सवडीनं घ्यावे. कायद्याच्या कलम १०५ मध्ये राज्याला बाल न्याय निधी उभारता येतो, तो मुलांच्या कल्याणासाठी आहे. आपण मोडलेलं आपण भरून देतो आहोत, हे शिकणं मुलाच्या कल्याणात बसत नाही का? बसतं असं तुम्ही एकदा लिहून द्या.

माझ्या नणंदेला हे सगळं पटत नाही. तिची स्कूटी त्याच रात्री फुटली, ती म्हणते दोघांनाही आत टाका आणि किल्ली नदीत फेका. मी तिच्याशी वाद घालत नाही. तिचेही ६,००० रुपये गेले आणि तिलाही आजवर कुणी एक ओळ पाठवलेली नाही.

भाऊ गेल्या महिन्यापासून पुन्हा रिक्षावर जातो, दिवसाचे चार तास. त्यापुढे बोटं आखडतात. हरभरे आता तो चाळीसेक उचलतो, मग आई वाटी काढून घेते.

ती बाई अजून आमच्या गल्लीवरून कामाला जाते. मला बघितलं की मान खाली घालते. तिचे ते दोन हजार रुपये तिनं कुठं जमा करायचे आणि आम्ही ते कुठून घ्यायचे, एवढं मला कळवावं.

आपली,
एका रिक्षावाल्याची बहीण
बिबवेवाडी, पुणे